भावाची वार्ता

आज मला आपणांशी भावासंबंधी बोलावयाचे आहे. भाव म्हणजे भक्तिमार्गातला भाव नव्हे, अगर काव्यशास्त्रातलाही नव्हे. पेठेत धान्याच्या राशीपुढे जो पुकारला जातो, आणि जो कानी पडताच शेतकऱ्याचे पुढील वर्ष सुखाचे की ओढगस्तीचे हे ठरून जाते, तो भाव.

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय कृषी बाजार’ नावाची योजना सुरू केली. तिला संक्षेपाने ‘ई-नाम’ असे म्हणतात. आरंभी आठ राज्यांतील २१ बाजार तिला जोडलेले होते. ही संख्या पुढे १,३०० च्या वर गेली, व महाराष्ट्रातील शंभराहून अधिक बाजार समित्या तीत आल्या. तिची रीत थोडक्यात अशी. शेतकऱ्याचा माल बाजाराच्या दारातून आत आला की त्याची नोंद होऊन त्यास एक क्रमांक मिळतो. नमुना काढून ओलावा, काडीकचरा, दाण्याचा कस यांची परीक्षा होते, व ते गुणपत्रक संगणकाच्या जाळ्यावर चढते. परवानाधारक व्यापारी, मग तो त्या पेठेत हजर असो वा दूर असो, आपली बोली यंत्रावर नोंदवितो. वरची बोली शेतकऱ्यास पसंत पडली तर सौदा पुरा होतो, वजन होते, आणि रक्कम त्याच्या बँकेतील खात्यात जमा होते. हे अर्थात योजनेच्या कागदावरील वर्णन झाले. प्रत्यक्षात बहुतेक सौदे अजूनही त्याच पेठेतील व्यापाऱ्यांमध्ये होतात, दूरच्या गावचा खरेदीदार क्वचितच बोली लावतो, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.

ह्या नव्या व्यवस्थेकडे मी एका जुन्या वाटेने जाणार आहे. ती वाट रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांतून जाते. कोणी म्हणेल, नाशिकचा कांदा, सांगलीची हळद, लातूरचे सोयाबीन अशा भरघोस मालाच्या पेठा सोडून भात, नाचणी व वरी पिकविणाऱ्या ह्या डोंगराळ मुलखाचा बाजाराच्या इतिहासाशी संबंध काय? माझे म्हणणे असे की, ज्याच्याजवळ विकावयास थोडे असते त्याच्याच व्यवहारात बाजाराचे खरे स्वरूप उघडे पडते. शंभर गाड्या माल असलेल्यास भाव शोधीत यावे लागत नाही. भाव त्याच्या दाराशी येतो.

ह्या मुलखाला वाटांची वाण कधीच नव्हती. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून महाडास येते आणि बाणकोटपाशी समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर लहान होड्या महाडच्या धक्क्यापर्यंत येत, व मोठी गलबते खाली दासगावास थांबत. वर देशावर जावयास वरंधा घाट भोरकडे होता. पोलादपूरवरून पार घाट जावळीत चढत होता. अफजलखानाच्या स्वारीमुळे ह्याच घाटाचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. महाडजवळ गांधारपाले येथे डोंगरात जी बौद्ध लेणी कोरलेली आहेत ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानतात. आणि अशी लेणी बहुधा व्यापारी मार्गांच्या कडेलाच आढळतात. मीठ व सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून घाट चढे, आणि देशावरचा माल त्याच बैलांच्या पाठीवरून खाली उतरे. १७५६ साली विजयदुर्ग पेशव्यांस देऊन इंग्रजांनी जो मोबदला घेतला, त्यात बाणकोटचा किल्ला व दासगाव होते. व्यापाऱ्याची जात, नदीचे मोल तिला चटकन कळले.

एवढ्या वाटा असूनही वाटेवरच्या गावात पिकविणारा माणूस श्रीमंत झाला नाही. का झाला नाही, ह्याचे उत्तर शोधताना मला शिवाजी महाराजांच्या दोन पत्रांची आठवण होते. पहिले १६७१ सालचे, कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास लिहिलेले. बारदेशातले फिरंग्यांच्या अमलातील मीठ स्वस्त पडते, तेव्हा व्यापारी तिकडे वळतील व संगमेश्वराकडील मीठ पडून राहील. यास्तव त्या मिठावर जकात अशी जबर बसवावी की ते येथल्या मिठाहून महाग पडावे, असा त्याचा मतलब आहे. दुसरे पत्र १६७६ सालचे, प्रभावळीचा सुभेदार रामजी अनंत याच्या नावचे. त्या वेळी रायगडावर राज्याभिषेक होऊन दोनच वर्षे झाली होती. रयतेकडून वसूल ऐनजिनसी घ्यावा. जमा झालेला जिन्नस साठवून हंगाम पाहून विकावा. तो पडून नासू नये, आणि घाईने विकून स्वस्तही जाऊ नये. नारळ, खोबरे, सुपारी, मिरी ज्या वेळी महाग विकतील त्या वेळी विकावी, अशी बारकाईची ताकीद त्यात आहे.

ह्या दुसऱ्या पत्रापाशी क्षणभर थांबले पाहिजे. आजचे अर्थशास्त्रज्ञ ज्या गोष्टी मोठमोठ्या ग्रंथांतून सांगतात त्यांपैकी दोन त्यात सरळ आल्या आहेत: भाव ठाऊक असला पाहिजे, आणि भाव येईपर्यंत थांबता आले पाहिजे. परंतु हा उपदेश सुभेदाराला आहे. सुभेदारापाशी कोठार होते, कारकून होते, दहा बाजारांची खबर आणणारी माणसे होती. रयतेपाशी ह्यांपैकी काय होते? दसऱ्यादिवाळीच्या सुमारास भात झोडून अंगणात पडले की, घरात मागील उसनवारी, गौरीगणपतीचा खर्च, मुलीच्या लग्नाचे देणे ही सर्व त्या राशीकडे डोळे लावून बसलेली असत. जो थांबू शकत नाही त्यास भाव कळून तरी काय उपयोग, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

अंकगणिताच्या पुस्तकांतील शेतकरी मोठा सुखी प्राणी असतो. मी पुष्कळ वर्षे मुलांकडून त्रैराशिके सोडवून घेतली. एका शेतकऱ्याने अमुक दराने इतके मण भात विकले तर त्यास किती रुपये मिळाले, असे ते उदाहरण. दर उदाहरणातच दिलेला! तो कोणी ठरविला, केव्हा ठरविला, शेतकऱ्यास तो आधी ठाऊक होता काय, आणि ते मण कोणाच्या मापाने मोजले, ह्यांतले काहीही विचारण्याची पद्धत पुस्तकात नाही. वास्तविक पाहता ह्या मुलखात मापापासूनच घोळ होता. खंडी, मण, पायली, शेर ही नावे सर्वत्र तीच. पण एका गावची खंडी दुसऱ्या गावच्या खंडीशी जुळेल अशी खात्री नसे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने ठरली, आणि पुढील काही वर्षांत ती पेठेत आली, तेव्हा कोठे हा घोळ कायद्यापुरता संपला.

तथापि ह्या भागातील शेतकरी बाजारापासून दूर राहिला त्याचे मोठे कारण माप नव्हते, खोती होती. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्यास आपण रायगड म्हणतो त्याच्या, दक्षिण भागात खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला असे. उभ्या पिकाचा अंदाज बांधावयाचा, ह्यास अभावणी म्हणत, आणि त्या अंदाजाप्रमाणे खोताचा हिस्सा धान्यातच द्यावयाचा. अर्धेलीच्या कुळाचे अर्धे पीक अंगणातूनच खोताच्या कोठारात जाई. अंदाज जास्त धरला गेला तर कुळाचा वाटा त्या मानाने आणखी कमी होई. सारांश, ह्या मुलखात जे भात बाजारात जाई ते पिकविणाऱ्याच्या हातून जातच नसे. ते कोठाराच्या मालकाच्या हातून, त्याच्या सोयीने, महागाईच्या महिन्यांत जाई. प्रभावळीच्या सुभेदारास दिलेला उपदेश खोताने चांगला पाळला असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याविरुद्धची मोठी झुंज अलिबाग तालुक्यातील चरी गावी १९३३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली २५ गावांतील कुळांनी जमिनी कसण्याचेच सोडून दिले, व हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, चालला. शेतकऱ्याने आपले शेत ओस ठेवून उपास काढावेत, ह्यावरून त्या पद्धतीचा जाच किती असेल ह्याची कल्पना करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने.

दरम्यान हिंदुस्थानात इतरत्र बाजारांना शिस्त लावण्याचे काम सुरू झाले होते. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा आला. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. गिरणीला स्वच्छ व निर्भेळ कापूस हवा होता, म्हणून कायदा प्रथम कापसाच्या मुलखात पोहोचला. नाचणीची गिरणी कोणी काढलेली नव्हती. १९२८ साली शेतकीच्या शाही आयोगाने सर्वच शेतमालासाठी नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली, व त्यानंतर ११ वर्षांनी, १९३९ मध्ये, मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा झाला. महाराष्ट्र राज्याचा आजचा मूळ कायदा १९६३ चा आहे.

ह्या कायद्यांनी काय केले, हे समजण्यास रुमालाचा सौदा माहीत असला पाहिजे. आपल्यापैकी वडील मंडळींनी तो ऐकला तरी असेल. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचे हात हाती घेत, वरून रुमाल अगर धोतराचा सोगा टाकीत, आणि बोटे दाबून भाव सांगत. कोणते बोट, किती पेरे, ह्याची त्यांची खूण ठरलेली. शेतकरी दोन हातांवर उभा असे. त्याचाच माल, त्याचाच भाव, आणि तो मात्र रुमालाच्या वरच्या बाजूस! शेवटी दलाल त्याच्याकडे वळून आकडा सांगे. रुमालाखाली ठरलेला आकडा आणि रुमालाबाहेर आलेला आकडा एकच होता की नव्हे, हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्यातून पुन्हा अडत, हमाली, तोलाई आणि कडता वजा होई. कायद्याने रुमाल काढला व उघडा लिलाव आणला. माझ्या मते शेतकऱ्याच्या बाजूने बाजारात झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा होय. संगणक हा तिचाच पुढचा टप्पा आहे, निराळी क्रांती नव्हे.

पण कोकणच्या मालाला हा उघडा लिलावही बहुधा दुरूनच ऐकावा लागला. इकडचा फळफळावळीचा माल मुंबईच्या दलालाकडे जाई. आंब्याचा बागाईतदार मोहोराच्या वेळीच दलालाकडून उचल घेई, हंगामात पेट्या भरून पाठवी, आणि नंतर पट्टी येई. पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. किती पेट्या, कोणत्या भावाने, किती खर्च वजा, आणि उरले किती, हे सर्व माल खाऊन संपल्यावर कळावयाचे. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच पट्टीवर संशय कसा घ्यावा, ही त्यातली अडचण. पूर्वी माल गलबताने जाई, मग आगबोटी आल्या, मग मोटारलॉऱ्या आल्या. माल वेगाने जाऊ लागला, पट्टी मात्र पट्टीच राहिली.

वार्तेचे महत्त्व व्यापाऱ्यांनी सर्वत्रच ओळखले होते. जपानात ओसाका येथील दोजिमाच्या तांदूळ बाजारास १७३० साली तेथल्या शोगुन सरकारने मान्यता दिली. पुढे तेथला भाव टेकडीवरून टेकडीवर निशाणे हलवून दूरच्या शहरांना कळविण्याची युक्ती निघाली. निशाण पाहणारे डोळे अर्थातच व्यापाऱ्यांचे असत. आपल्याकडे भावाची वार्ता प्रथम विनामूल्य शेतकऱ्याच्या घरात नेली ती आकाशवाणीने. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत बाजारभाव वाचून दाखवीत, तेव्हा ती यादी शहरातल्या श्रोत्यास कंटाळवाणी वाटे व तो कळ फिरवून गाण्याकडे वळे. खेड्यात मात्र तेवढ्याच वेळी बोलणे थांबे. मग मार्च २००० पासून केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’वर दिवसाचे भाव येऊ लागले, राज्याचे १९८४ साली स्थापन झालेले कृषी पणन मंडळही भाव प्रसिद्ध करते, आणि आता ते हातातल्या दूरध्वनीवर दिसतात. भाव कळत नाही ही तक्रार आज पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

महाडात उभे राहून ह्या नव्या बाजाराकडे पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट नजरेस येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. २० मार्च १९२७ रोजी ह्याच गावी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाणी सार्वजनिक होते, नगरपालिकेचा ठरावही होता, तरी पाण्याला हात लावणाऱ्यांस मार खावा लागला. पाणी ज्यांच्या हाताने बाटते असे समाजाने मानले, त्यांच्या हातचे दूध, भाजी वा शिजविलेला पदार्थ पेठेत कोण विकत घेणार? समोरासमोरच्या बाजारात घेणारा आधी विकणाऱ्याकडे पाहतो, मग मालाकडे. यंत्रावरच्या बोलीत गिऱ्हाइकापुढे गुणपत्रक असते: ओलावा इतका, कचरा इतका, दाणा असा. राष्ट्रीय कृषी बाजार १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या दिवशी सुरू झाला. दिवस निवडताना योजकांच्या मनात महाड होते की नव्हते ह्याची चर्चा मी करीत नाही. पण महाडच्या माणसास ही तारीख विसरता येण्यासारखी नाही.

एवढे म्हणून पुन्हा डोंगराकडे वळावे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून एखाद्या घरी नाचणी दोन-तीन क्विंटल होते, भात थोडे अधिक, आणि खळ्याशेजारच्या ओलाव्यावर वाल किंवा पावटा. २०२५-२६ साठी केंद्र सरकारने नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये व साधारण भाताचा २,३६९ रुपये जाहीर केला. नाचणी भाताच्या दुपटीहून महाग झाली! ज्या धान्यास आपण एके काळी गरिबाचे म्हणून नाक मुरडले तेच आता शहरात पथ्याचे म्हणून सुबक पाकिटांतून विकले जाते. पण दोन क्विंटलचा नमुना काढावयाचा, त्याची परीक्षा करावयाची, आणि तेवढ्याकरिता घाटवाटेने टेंपो करून पेठ गाठावयाची, तर भाड्यातच भाव संपतो. परीक्षेचे यंत्र लहान राशीला नाही म्हणत नाही, टेंपोवाला म्हणतो. शिवाय वाट नेहमी उघडी असतेच असे नाही. ई-नामचा आरंभ झाला त्याच वर्षी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला व त्याबरोबर माणसांनी भरलेल्या दोन एस. टी. गाड्याही गेल्या. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची पेठच पाण्याखाली गेली, आणि त्याच दिवशी तळिये येथे डोंगर घरांवर आला.

लहान राशी एकत्र करून विकणे, हा उपाय सर्वांस सुचण्यासारखा आहे. १९०४ पासून सहकाराचा कायदा आहे; २००२ च्या दुरुस्तीने शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या काढण्याची सोय झाली; ई-नामवरही अशा संस्थांना आपला माल मांडता येतो. दहा वाड्यांची नाचणी एका कोठारात आली, तर नमुना एक, टेंपो एक, आणि सुभेदाराप्रमाणे चार महिने थांबण्याची सोयही होते. मात्र अशी संस्था चालविण्यास गावात माणूस लागतो, आणि इथले कर्ते पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईस. पूर्वी ते गिरणीत होते, आता कोठे गोदामावर, कोठे पहाऱ्यावर. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी हे सर्व घरची बाई करते.

आणि येथेच यंत्र अडते. सरकारी भातखरेदीची नोंदणी असो की यंत्रावरचा सौदा असो, विक्रेता कोण हे प्रथम सांगावे लागते. भातखरेदीस तर सातबारा, आधार आणि बँकेचे खाते ही तिन्ही दाखवावी लागतात. कोकणातला सातबारा म्हणजे एका गुंठ्याला दहा वारस. सासऱ्याचे नाव वर, खाली चुलत्यांची, पुतण्यांची, काही हयात, काही दिवंगत. जिने पीक काढले तिचे नाव पुष्कळदा त्यात कोठेच नाही. सामाईक जमीन असेल तर इतर हिस्सेदारांचे संमतिपत्र लागते. खोतीच्या काळी कुळाच्या कष्टाला दप्तरात जागा नव्हती, त्या गोष्टीची येथे आठवण होते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून नवऱ्यांस आपल्या बायकांच्या नावे जमिनीचा तुकडा करून देण्यास सांगितले, १९९२ मध्ये राज्य सरकारनेही त्याच नावाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर चढविण्याची सवलत दिली. फेरफाराचे काही अर्ज आता ‘ई-हक्क’ ह्या व्यवस्थेतून घरबसल्या करता येतात. वाटणीच्या कागदावर मात्र सह्या लागतात त्या सर्व हिस्सेदारांच्या, आणि ते ठाणे, मुंबई, सुरत असे पांगलेले असून शिमग्याला नाहीतर गणपतीला तेवढे गावी एकत्र सापडतात.